हिरव्या दोऱ्याचा चेंडू

लोहगडवाडी,
६ सप्टेंबर २०२४

आदरणीय लीलाबाई,

गोरखचा नमस्कार. घशाच्या ऑपरेशननंतर तुम्हाला बोलता येत नाही, फोन करून उपयोग नाही, असं शाळेत समजलं. म्हणून लिहितो आहे. अनिता गेल्यावर तुम्ही अमळनेरहून पत्र पाठवलं होतं. ते देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर आहे. पाच महिने उत्तर दिलं नाही, माफी असावी. लिहिण्यासारखं काही नव्हतं. कावीळ झाली, सहा दिवस दवाखान्यात होती, तेरा एप्रिलला दुपारी गेली. मी शेवटपर्यंत जवळच होतो. त्यानंतर भात लावून झाला. उद्या गणपती बसतील. सगळं वेळेवर होतं आहे.

काम चैतालीचं आहे. तुम्ही शाळेत असताना तिला सॉफ्टबॉलचा चेंडू टाकायला शिकवलंत, आणि सुट्टीत सराव बुडू नये म्हणून तिच्या आईला झेलायला शिकवलंत. आमच्या टपरीपुढच्या अंगणात चाळीस फुटांची दोरी अंथरून दोघी रोज संध्याकाळी खेळायच्या. गडावरून उतरलेली गिऱ्हाइकं पिठलं गार होईपर्यंत बघत उभी राहायची. चैताली बिचकली की अनिता बसल्या जागेवरून ओरडायची, "टाक गं, जोरात टाक! आई हाय तुझी, काचेची बरणी न्हाई."

आता अनिताच्या जागी मी बसतो. जूनपासून चेंडू वर जातो आहे. कधी छातीवर, कधी थेट डोक्यावरून. शाळेतले नवे सर चांगले आहेत, पण त्यांच्याकडे चार खेळ आहेत. ते म्हणतात, टायमिंग बिघडलंय, होईल.

२४ नोव्हेंबरला पुण्यात विभागाच्या संघाची निवड आहे. सतरा वर्षांखालच्या गटात तिचं हे शेवटचं वर्ष. परवा भाकरी थापताना म्हणाली, "आप्पा, तितं नाव न्हाई आलं तर खेळ बास. मी टपरीवर बसते." मी "बरं" म्हणालो. नंतर वाटलं, बरं म्हणायला नको होतं. 

काय करावं ते कळवावं.

आपला,
गोरख

*

अमळनेर,
१४ सप्टेंबर २०२४

गोरखभाऊ,

माफी कसली मागता? पत्र आलं, पुष्कळ झालं. माझी काळजी करू नका. चाळीस वर्षांचं ओरडणं मैदानावर ओरडून झालं आहे. आता पाटीवर लिहून दाखवते, तर भाची म्हणते, "मावशी, तू पाटीवरसुद्धा ओरडतेस."

आता कामाचं. तुम्ही खेळाडू नाही, म्हणून शेतातलं सांगितल्यासारखं सांगते. तिचा हात पूर्ण गोल फिरतो. पुढून वर, वरून मागे, मागून खाली. हात मागच्या बाजूनं उतरत असताना पुढचा पाय जमिनीला टेकला पाहिजे. मग कंबर वळते, मनगट झटकतं आणि चेंडू मांडीपाशी सुटतो. हे सगळं पापणी लवायच्या आत. यातलं एक जरी मागेपुढे झालं तरी चेंडू उशिरा सुटतो, आणि उशिरा सुटलेला चेंडू वरच जातो.

माझ्या मते तिचं पाऊल आखूड पडतंय. घरात असं काही घडलं की मुलींची पावलं आखडतात, हे मी पाहिलं आहे. ती जिथे पाय टाकते तिथे भाताचं तूस पसरा. प्रत्येक चेंडूनंतर ठसा कुठे उमटला ते पाहा. दोरीनं मापा. वीस चेंडू, वीस मापं. आणि जमलं तर एक व्हिडिओ पाठवा, मला लगेच दिसेल.

झेलताना तोंडावर जाळीचा मास्क घालता ना? मी दिलेला तो निळा? अनिता घालायची. तुम्ही शूरपणा करू नका.

लीला

*

लोहगडवाडी,
२९ सप्टेंबर २०२४

आदरणीय लीलाबाई,

नमस्कार. उशीर झाला. शनिवार-रविवार गडावर गर्दी असते. पिठलं मला जमत नाही, त्यामुळे आता फक्त चहा आणि ताक ठेवतो. जुनी गिऱ्हाइकं विचारतात, "मावशी कुठे?" मी सांगतो. ते चहाचे पैसे जास्त ठेवतात. मी परत करतो.

तूस पसरलं. वीसही ठसे एकाच जागी आले. दोन बोटांचासुद्धा फरक नाही. पाऊल लांब आहे, चैतालीच्या उंचीएवढं भरलं. म्हणजे पायाची चूक नाही.

तरी चेंडू वरच.

मग मी गोठ्याच्या भिंतीला जुनी गादी टांगली आणि बाजूला उभा राहिलो. तिनं तीस चेंडू टाकले. सव्वीस गुडघ्याच्या उंचीला, जिथे मी कोळशानं चौकट काढली होती तिथेच लागले. मी पुन्हा जाऊन बसलो, की वर. मला वाटतं, भिंतीला मन नसतं म्हणून तिच्यापुढे सोपं जात असावं. माणसापुढे तिला आई आठवत असेल.

शेजारचे रखमाजी कुंपणावर हात ठेवून बघत होते. म्हणाले, "गोरखा, लय दिस झालं बघतूय. पोरीला चेंडू टाकायला शिकवतूस का सवता मार खायला शिकतूस?" चैताली हसली नाही. पूर्वी त्यांच्याशी फार भांडायची.

व्हिडिओचं जमणार नाही. कॅमेऱ्याचा फोन अनिताचा होता. तो पेटीत आहे. अजून चालू केलेला नाही.

मास्क घालतो. एकदोनदा मनगटाला लागलं, विशेष नाही.

आपला,
गोरख

*

अमळनेर,
७ ऑक्टोबर २०२४

गोरखभाऊ,

पावलाबाबत मी चुकले. चाळीस वर्षांचा अनुभव म्हणजे चाळीस वर्षांच्या सवयी, दुसरं काय. तुमची मापं नसती तर मी तिचं चांगलं पाऊल बिघडवून ठेवलं असतं.

मग चूक हातात आहे. पाय वेळेवर, हात मागे. तुम्ही भजनात टाळ धरता ना? टाळ चैतालीच्या धाकट्या चुलत भावाच्या किंवा कुणाच्याही हातात द्या. पहिल्या ठोक्याला पाय, दुसऱ्याला चेंडू. ठोके जवळजवळचे. हात दुसऱ्या ठोक्यापर्यंत पोचलाच पाहिजे.

पण एक प्रश्न. गादीवर सव्वीस बरोबर जातात आणि तुमच्याकडे एकही नाही. आई आठवत असेल, हे तुम्ही लिहिलंत. मला पटत नाही. आठवण येणाऱ्या मुलीचा चेंडू कुठेही जातो, रोज एकाच जागी चुकत नाही. "मनगटाला लागलं, विशेष नाही" म्हणजे किती लागलं? मला खरं लिहा. मी दूर आहे आणि मुकी आहे, पण आंधळी नाही.

लीला

*

लोहगडवाडी,
१६ ऑक्टोबर २०२४

प्रिय बाई,

मी चैताली. हे पत्र मी शाळेतून येताना टाकणार आहे. आप्पांना माहीत नाही. प्लीज त्यांना सांगू नका.

तुमचं पत्र आप्पांनी मला वाचून दाखवलं. शेवटचं मनगटाचं त्यांनी वाचलं नाही, ते मी नंतर बघितलं. त्यांचं मनगट सुजलंय. खांद्यावर दोन काळेनिळे डाग आहेत. छातीवर पण असेल, ते शर्ट काढत नाहीत.

टाळ लावून बघितला. टाळाची चूक नाही. माझ्या हाताची पण नाही.

बाई, आप्पा डोळे मिटतात.

मी हात वर नेला की ते मिटतात. ओठ हलतात, नाव घेतात देवाचं. मग उघडतात. मास्कच्या जाळीतून मला सगळं दिसतं. मिटलेल्या डोळ्यांवर मी चेंडू कसा सोडू? मी थांबते. थोडंसंच थांबते, ते उघडेपर्यंत. तेवढ्यात हात पुढे निघून जातो आणि चेंडू वर जातो. मुद्दाम नाही करत. आता सवय झाली. पहिल्यांदा थांबले नव्हते तेव्हाच खांद्याला लागला.

मी त्यांना बोलू शकत नाही. कारण आई गेली तेव्हा पण ते असेच बसले होते. तिचा हात धरून, डोळे मिटून, नाव घेत. आईनं एकदा डोळे उघडले. त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मग झालं. त्यांनी डोळे उघडले तेव्हा ती गेलेली होती. ते सगळ्यांना सांगतात, मी जवळच होतो. आईनं बघितलं होतं हे त्यांना माहीत नाही. मी सांगितलेलं नाही. कधी सांगणार पण नाही.

आता डोळ्यांचं काढलं तर तेच निघेल.

मग काय करू? झेलायला दुसरं कोणी नाही. आणि कोणी आलं तरी आप्पा उठले तर मला आवडणार नाही.

तुमची,
चैताली

(गादीवर आता तीसपैकी अठ्ठावीस.)

*

अमळनेर,
२३ ऑक्टोबर २०२४

गोरखभाऊ,

तुमचं उत्तर आलं नाही. भाताची कापणी सुरू असेल. तरी हे काम आजपासून करा, महिनाच उरला आहे.

टाळ बंद. गादी बंद. चेंडू हवेत कसा फिरतो ते मला समजायला हवं. त्याशिवाय तिच्या मनगटाचं मी काही सांगू शकत नाही. तुमच्याकडे चार चेंडू आहेत. प्रत्येकावर चारी बाजूंनी ठळक आकडे काढायला चैतालीला सांगा. एकावर तीन, एकावर पाच, सात, आठ. कोणता चेंडू टाकते ते ती सांगणार नाही. चेंडू तुमच्या हातात येण्याआधी तुम्ही आकडा मोठ्यानं म्हणायचा. रोज वीस. किती बरोबर आले ते वहीत लिहा आणि मला कळवा. अंदाजानं सांगायचं नाही. एकही नाही दिसला तर तसं लिहा. मला खोट्या आकड्याचा उपयोग नाही.

हे काम चैतालीचं नाही, तुमचं आहे. ती फक्त टाकेल.

लीला

*

लोहगडवाडी,
१० नोव्हेंबर २०२४

आदरणीय लीलाबाई,

नमस्कार. दिवाळी झाली. चैतालीनं दारात एक पणती लावली. शेजारच्या भागुबाईंनी करंज्या दिल्या. दुखवट्याचं वर्ष, आम्ही काही केलं नाही.

तुम्ही खरं लिहा म्हणालात, म्हणून लिहितो.

पहिल्या दिवशी मी वीसही आकडे म्हणालो. पाच बरोबर आले. वहीत लिहिले. दुसऱ्या दिवशी सहा. तिसऱ्या दिवशी चैताली चेंडू हातात धरून उभी राहिली आणि म्हणाली, "आप्पा, अंदाजानं सांगताय."

"न्हाई गं."

"मी मगाधरनं सातच टाकत्येय. तुमी तीन म्हनला, पाच म्हनला, आठ म्हनला."

ती दोरीशी परत गेली.

मग मी ठरवलं की या चेंडूला काही म्हणायचं नाही, फक्त बघायचं. तिचा हात वर गेला. आणि बाई, मला अंधार दिसला. ओठावर नाव होतं. अंधार गेला तोवर चेंडू डोक्यावरून मागच्या कुडाला लागलेला. त्या दिवशी मी आणखी नऊ चेंडूंना बसलो. नऊही वेळा मी डोळे मिटत होतो. मिटायचे नाहीत हे ठरवूनसुद्धा. पाच महिने रोज असंच चाललं असणार. पोरीला दिसत असणार. तिनं एका शब्दानं विचारलं नाही.

माझ्या पहिल्या पत्रात मी लिहिलं होतं की शेवटी मी जवळच होतो. ते खरं आहे. पण मी डोळे मिटून बसलो होतो. लहानपणापासून देवाला काही मागायचं तर डोळे मिटून मागायचं, एवढंच मला शिकवलेलं. मी मागत होतो. उघडले तेव्हा नर्स नळी काढत होती. अनितानं शेवटी काय बघितलं, बघितलं की नाही, मला माहीत नाही. चैताली समोर होती. तिला मी विचारलेलं नाही. विचारणार नाही.

तेव्हापासून मला काही होत नाही, बाई. रडू येत नाही. भूक लागते, जेवतो. भजनाला जातो, टाळ वाजवतो, ठेका चुकत नाही. लोक म्हणतात, गोरखानं फार धीरानं घेतलं. धीर नाही तो. पावसात भात लावताना दिवसभर चिखलात राहिल्यावर पाय बधिर होतात. चालता येतं, पण पाय आपले वाटत नाहीत. तसं आहे. चेंडू मनगटावर बसायचा तेव्हा तेवढं दुखायचं. ते मला बरं वाटायचं, हेही लिहून टाकतो.

चार तारखेला मी अंगणात बसण्याआधी देव्हाऱ्यासमोर उभा राहिलो. नाव घेऊन झालं. म्हटलं, आता अंगणात घेणार नाही, तिथे दुसरं काम आहे. मग जाऊन बसलो. पहिले सहा चेंडू पुन्हा अंधार. सातवा दिसला.

आकडा नाही दिसला. चेंडू फार जोरात फिरत होता. पण त्याच्या शिवणीतून एक हिरवी रेघ फिरत आली आणि माझ्या हातात बसली. मी चेंडू उलटून बघितला. लाल शिवणीत बोटभर जागा हिरव्या दोऱ्यानं शिवली होती. गोधडीचा दोरा.

मी विचारलं, "हे काय?"

चैताली म्हणाली, "आईनं शिवलाय. शिवण उसवलेली. शिवरात्रीच्या येळंला. तुमी हितंच व्हता की."

"व्हय, व्हतो," मी म्हणालो.

तो चेंडू पाच महिने मी रोज हातात घेत होतो.

त्यानंतरचे आकडे वहीतून उतरवतो. पाच तारीख, वीसपैकी चार. सहा तारीख, सात. सात तारीख, सात. आठ तारखेला भाताचे भारे वाहिले, सराव नाही. नऊ तारीख, अकरा. हे अंदाजाचे नाहीत.

चेंडू अजून वर येतो. पण छातीवर नाही, पोटापर्यंत.

आपला,
गोरख

*

अमळनेर,
१५ नोव्हेंबर २०२४

गोरखभाऊ,

पत्र दोनदा वाचलं. भाचीला दाखवलं नाही.

देवाचं मी काही सांगणार नाही, तो तुमचा विषय. खेळाचं सांगते. तिच्या हाताला थांबायची सवय लागली आहे. ती आठ दिवसांत पूर्ण जाणार नाही, पण निम्मी जाईल. यापुढे आकडे मोजू नका. तिचा हात वर गेला की तुम्ही फक्त "हं" म्हणायचं. त्या "हं" वर तिनं सोडायचा. तुम्ही बघताय हे तिला कानानं कळू दे. तोंडाकडे बघायची तिची सवय सुटली पाहिजे, कारण निवडीला समोर दुसरीच मुलगी झेलायला असेल.

आणि निवडीला जा. टपरी एक दिवस बंद राहिली तर गड कुठे पळून जात नाही. चेंडू अडवायच्या जाळीच्या मागे, झेलणाऱ्या मुलीच्या बरोबर पाठी उभे राहा. बसू नका.

पिठलं शिका. चैतालीला येत असेल, तिला विचारा.

लीला

*

लोहगडवाडी,
२५ नोव्हेंबर २०२४

आदरणीय लीलाबाई,

नमस्कार. काल पुण्याला गेलो. मळवलीहून सकाळच्या लोकलनं. चैताली खिडकीशी बसली आणि वडगाव येईपर्यंत बाहेर बघत राहिली. मग म्हणाली, "आप्पा, तुमी 'हं' म्हनलेलं तितं ऐकू येनार न्हाई. लय गोंधळ आसतो."

मी म्हणालो, "मी म्हननार हाय. तू ऐकू नको."

त्यावर ती हसली. बऱ्याच दिवसांनी.

मैदानावर चाळीस मुली होत्या. चेंडू टाकणाऱ्या नऊ. चेंडू सगळे नवे, पांढरे, लाल शिवणीचे. मी जाळीमागे तुम्ही सांगितलं तिथे उभा राहिलो. एका मास्तरांनी हटकलं, "पालकांनी तिकडे मंडपात बसा." मी म्हणालो, "साहेब, मी हलनार न्हाई, बोलनार न्हाई, हितंच उभा ऱ्हातो." त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि काय वाटलं कोण जाणे, गेले.

प्रत्येकीला पंधरा चेंडू. चैतालीचे पहिले तीन वर गेले. जुन्यासारखेच. निवडणारे तिघे खुर्च्यांवर बसले होते, एकानं कागदावर काही लिहिलं. चौथ्या चेंडूआधी तिनं मान वर केली. झेलणाऱ्या मुलीच्या डोक्यावरून माझ्याकडे बघितलं. किती वेळ ते सांगता येणार नाही. मी बघत होतो. हात वर गेला, मी "हं" म्हणालो. माझं मलाच ऐकू आलं असेल.

चेंडू गुडघ्याला आला. झेलायच्या हातमोज्यात आवाज झाला.

पुढचे सगळे मी बघितले. दोन वर गेले, एक जमिनीवर आपटला, नऊ बरोबर. म्हणजे चौथा धरून बारा. मी मोजायचं नाही असं तुम्ही सांगितलं होतं, पण मोजले.

चार वाजता नावं वाचली. सोळा. चैतालीचं पंधरावं होतं, तिसरी पिचर, म्हणजे चेंडू टाकणारी, म्हणून. राखीव म्हणाले. ती माझ्याकडे चालत आली आणि म्हणाली, "राखीव म्हंजी बाकावर बसायचं, आप्पा." मी म्हणालो, "टपरीवर बसण्यापरीस बरं." हे मला कसं सुचलं ठाऊक नाही. तिनं पिशवी माझ्याकडे दिली.

मला आनंद झाला का, असं तुम्ही विचाराल. झाला असावा. नीट कळत नाही. येताना लोणावळ्याला उतरून चिक्की घेतली, तुमच्यासाठी पाव किलो वेगळी ठेवली आहे, कुणी जळगावकडे जाणारं मिळालं की पाठवतो. उलटी लोकल धरून मळवलीला आलो आणि घरापर्यंत चालत आलो. वाटेत एकदा डोळे मिटले. नाव घेतलं. पुन्हा उघडले, तेव्हा ती पुढे चालत होती.

फोन अजून पेटीतच आहे. आज पिठलं केलं. गुठळ्या झाल्या.

आपला,
गोरख

ता.क. पत्र टाकायला चैतालीकडे देतो आहे. तिला काही लिहायचं असेल तर खाली जागा ठेवली आहे.

बाई,
पंधराही चेंडूंना डोळे उघडे होते. मी पण मोजले.
चैताली